पार्बताबाईंची बोट

अमरावतीहून समुद्र सहाशे किलोमीटर लांब, आणि हे दोन म्हातारे बारा वर्षं आरमारी लढाया लढताहेत! लोक हसायचे. हसोत बापडे. हरिहर हे निवृत्त विज्ञान शिक्षक, खुशालराव वरूडचे संत्रा बागाईतदार. दर रविवारी हरिहरांच्या हॉलमध्ये फरशीवर निळी चादर पसरायची, बोटभर लांबीच्या युद्धनौका मांडायच्या, टेपनं अंतर मोजायचं आणि एकमेकांवर तोफा डागायच्या. गोळा लागला की नाही, किती नुकसान झालं, ते लॅपटॉप ठरवायचा. नियमांचा तो प्रोग्राम हरिहरांनी स्वतः लिहिलेला. आत काय आकडेमोड चालते ते खुशालरावांनी कधी विचारलं नाही. मास्तरवर भरवसा होता.

बोटी करायच्या खुशालरावांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी, संत्र्याच्या पेटीच्या फळ्या तासून. शेवटची बोट त्यांनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी रंगवली. त्या जिवंत परत आल्याच नाहीत. तेराव्यानंतरच्या पहिल्याच खेळात ती बोट बुडायला आली, तेव्हा खुशालरावांचा चेहरा हरिहरांना बघवेना. त्याच आठवड्यात त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: या बोटीचं नुकसान शून्य. झालं! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसानं ही लबाडी केली आणि तीन वर्षं निभावली.

"पार्बतीची बोट बुडतच नाई ना बावा!" असं खुशालराव वरूडभर सांगत सुटले.

मग असाच खेळ खेळणाऱ्या अकोल्याच्या मंडळानं दोघांना खेळायला बोलावलं. तिथं कॉम्प्युटर त्यांचा, नियम त्यांचे. खुशालरावांनी नेमकी तीच बोट रुमालात गुंडाळून खिशात घातली. चारचौघांत ती बुडाली तर या माणसाचं काय होईल, या धास्तीनं बसमध्ये हरिहरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मूर्तिजापूर गेलं आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

खुशालरावांनी खिशातला रुमाल चाचपला. "म्हंजे तीन वर्स तू मले लेकरावानी खेळवून राह्यला होता, मास्तर?"

"चुकलंच माझं. पण ती बोट आज मांडू नका, खुशालराव."

"कावून नाई? मांडतो."

अकोल्याला बस थांबली तसे ते हरिहरांना मागं टाकून एकटेच उतरून चालू लागले. मैत्री गेली, असंच हरिहरांनी धरलं.

अकोल्यात खुशालरावांनी ती बोट सगळ्या बोटींच्या पुढं ठेवली. चौथ्या फेरीत लॅपटॉपवर बसलेल्या मंडळाच्या जुईलीनं, तिला बिचारीला काय ठाऊक, सरळ वाचून दाखवलं, "तुमची पुढची बोट बुडाली, काका."

बुडालेली बोट लगेच चादरीवरून काढायची असते. खुशालराव हललेच नाहीत, तेव्हा हरिहर वाकले आणि त्यांनी हात पुढं केला. खुशालरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. तिले मसनात नेलं त्या दिवशी मी ओसरीवर बसून राह्यलो, उठलोच नाई. खांदा तूच देल्ला. आज तरी मले उचलू दे."

हरिहर बाजूला सरकले. दुखऱ्या गुडघ्यांवर खुशालराव खाली बसले, दोन्ही हातांनी बोट उचलून त्यांनी छातीशी धरली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हमसून हमसून रडले.