घोडेवाल्यांच्या गाण्यातली यती

टक. टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्यावर होणारा आवाज, वाळक्या सुपारीवर अडकित्ता बसावा तसा. दिघीच्या धक्क्यावरून निघाले त्या सकाळचा विचार केला की मला आधी हाच आवाज ऐकू येतो. वास्तविक तिथे आवाजांचा तुटवडा नव्हता. लाँचचं इंजिन धडधडत होतं, कोळणी पाट्या ठेवण्याच्या जागेवरून भांडत होत्या आणि निकाहनंतर परमुलखी निघालेल्या मला निरोप द्यायला आलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर रडत होत्या. पण अब्बांनी घरातला टू-इन-वन धक्क्यापर्यंत उचलून आणला होता. डिझेलच्या आणि सुकत घातलेल्या मांदेलीच्या वासातून घोडेवाल्यांचं गाणं येत होतं. लाँच सुटली आणि गाणं नेमकं त्या जागी आलं. अब्बांनी रिवाजाप्रमाणे यंत्र थांबवलं. पुन्हा सुरू केलं की नाही, ते मला पाण्यावरून कळलं नाही.

हा रिवाज काय, ते सांगायला हवं.

घोडेवाले हे अम्मीनं ठेवलेलं नाव. सत्तरच्या दशकातला तो अमेरिकन बँड. गिटारी, बँजो आणि एकमेकांत विरघळलेले चार-पाच पुरुषी गळे. त्यांच्या ड्रमची चाल ओल्या वाळूत दौडणाऱ्या टांग्याच्या घोड्यासारखी, म्हणून ते घोडेवाले. त्यांचं खरं नाव जगाला ठाऊक आहे; आमच्या घराला त्याची गरज पडली नाही. अब्बा तेव्हा कुवेतच्या बंदरात क्रेन चालवत. तिथल्या रेडिओवर इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम लागे, तो कोऱ्या कॅसेटवर भरून ते गावी येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवत. एका दुपारी हे गाणं ऐन रंगात असताना बाहेर बांग झाली. नमाजाची बांग कानी आली की गाणं बंद, हे आमच्याकडे रांगणारं मूलही जाणतं. अब्बांनी टेप थांबवली, रेडिओचा आवाज मिटवला आणि बांग संपल्यावर पुन्हा बटण दाबलं. पण रेडिओ कुणासाठी थांबत नाही. मधल्या वेळात गाणं पुढे निघून गेलं होतं. कॅसेटवर उतरलं ते असं: पहिली दोन कडवी, टक, आणि एकदम अखेरचं धृपद.

ती कॅसेट घरी लागली की अम्मी त्या टकपाशी यंत्र थांबवी, ओढणी डोक्यावर नीट घेई आणि एका बांगेला लागेल तेवढा वेळ आम्ही भावंडं गप्प बसत असू. "तुमचे अब्बा आता उभे हायत," ती हळूच सांगे. मग पुढचं बटण. त्या कॅसेटवर अब्बांचा आवाज कुठेही नव्हता. त्यांचं थांबणं तेवढं होतं. आणि जो माणूस वर्षा-दोन वर्षांनी घरी येतो, त्याचं थांबणं ही काही लहानसहान चीज नव्हे.

पुढे मी मराठीत एम.ए. केलं. नातलग म्हणत, "इंग्रजी गाणी ऐकते, मराठी शिकते, या पोरीचं नक्की काय हाय?" कॉलेजात एकीनं कौतुकानं विचारलं, "तुझं मराठी इतकं चांगलं कसं गं?" मी म्हटलं, "आईकडून आलं. तुझं कुठून आलं?" तिथेच वृत्तं शिकताना यती भेटली. ओळीच्या मध्ये जिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, ती जागा म्हणजे यती. ती मोडली तर तो यतिभंग, काव्यातला दोष. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मला कानात टक ऐकू येत होतं. ही गोष्ट मला अक्षरओळखीच्या आधीपासून येत होती.

केपटाऊनला आले त्याला आता बराच काळ लोटला. सासऱ्यांच्या आजोबांनी आपल्याच किनाऱ्यावरून जहाज धरलं होतं. त्यामुळे घरात कोकणी शब्द सापडत, पण जुन्या बरणीच्या तळाशी उरलेल्या लोणच्यासारखे, आकसलेले आणि फार खारट. बाहेर सिग्नलला रोबो म्हणायचं, पिकअपला बाकी म्हणायचं, उघड्यावर मांस भाजायच्या बेताला ब्राय म्हणायचं. समुद्र होता, पण गार. त्याला मासळीऐवजी कुजक्या शेवाळाचा वास. तिथल्या एका दुकानात फरशी पुसायचा ब्रश निवडत असताना माथ्यावरच्या स्पीकरवर घोडेवाले लागले. मी जागच्या जागी उभी राहिले. दुसरं कडवं संपलं, मी सवयीनं ओढणी सावरली, आणि शांततेच्या जागी गिटार सुरू झाली. लांबच लांब, लखलखीत, सुंदर गिटार. मला ती ऐकवेना. आमच्या ओटीवर अब्बांच्या खुर्चीत अनोळखी माणूस येऊन बसावा, तसं वाटलं.

तरीही त्या गिटारीनंच मला माणसं दिली. घोडेवाल्यांचे चाहते इथे पुष्कळ आहेत. महिन्यातल्या एका शनिवारी ते एका हॉलमध्ये जमतात, चहा पितात, गातात. मीही जाऊ लागले. त्यांचा म्होरक्या आणि गिटारवाला क्लाइव्ह, गोदीतला निवृत्त फिटर. ऐन तारुण्यात त्यानं या बँडपायी केस वाढवले आणि आता टक्कल पडलं तरी मागची शेपटी सोडलेली नाही.

चक्रीवादळात आमच्या दिघीच्या घराचे पत्रे उडाले. माळ्यावरचा कॅसेटचा डबा चिखलात गेला. फोनवर मी आधी माणसांची चौकशी केली, मग नारळी-सुपारीची, मग धीर करून कॅसेटची. अब्बा म्हणाले, "जाऊ दे गो. तुटकीच होती." त्या दिवसापासून अब्बांचं गाणं कशावरही भरलेलं राहिलं नाही. ते आता आमच्या गळ्यांतच होतं. आणि भावंडांपैकी गाणारी मी एकटी.

यंदा घोडेवाल्यांचा मुख्य गायक वारला. चाहत्यांनी ठरवलं की एका शनिवारी दुपारी प्रत्येकानं आपापलं गाणं म्हणायचं. मी माझं सांगितलं आणि तालमीतच ठिणगी पडली.

"मधली गिटार म्हणजे या गाण्याचा जीव आहे," क्लाइव्ह म्हणाला. "ती काढलीस तर उरलं काय? पावाचे दोन तुकडे, आत काहीच नाही."

"आमच्याकडे नुसता पावही खातात. चहात बुडवून."

"तू थांबलीस तर मी वाजवणार. लोक म्हणतील, बाई शब्द विसरल्या."

"वाजव. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन. तू दमशील."

तो हसला, पण होकार दिला नाही. त्याहून कठीण होते ते अब्बा. फोनवर ते कळवळून म्हणाले, "ते तुटकं नको गो म्हणू. तिथं जाणती माणसं असतील. माझ्या हातून तुटलं ते तुटलं. पुरतं शिक आणि मग म्हण. बापाची लाज कशाला काढतेस?"

मागून अम्मी कडाडली, "त्यासाठी गाणं कशाला लागतंय? तुमचं घोरणं ऐकव म्हणावं त्यांना!"

मला त्या क्षणी प्रथमच समजलं की ज्या शांततेवर मी वाढले, ती अब्बांनी आयुष्यभर चूक म्हणून वागवली. कुवेतच्या खोलीतल्या त्या दुपारी आपण गाणं मोडलं, असं ते मानत आले. मी म्हणाले, "अब्बा, मी तसंच म्हणणार. तुम्ही फोन चालू ठेवा."

इथे मला दोन्ही किनाऱ्यांवरच्या माझ्या माणसांना काही सांगायचं आहे. जे मागे राहिले ते मला विचारतात, ती परकी गाणी अजून कशाला? जे माझ्यासारखे निघून आले ते म्हणतात, आता इथल्यासारखं गा, तेच शुद्ध. दोघांनाही माझं उत्तर एकच: नाही. ज्या गाण्यावर अम्मीनं भाकऱ्या थापल्या ते परकं नाही, आणि ज्यात अब्बा उभे राहिले ती जागा रिकामी नाही. पत्रे उडतात, माळे जातात, बोली आकसते. जिथे माझी यती कुणाच्या गिटारीनं भरावी लागत नाही, तेवढ्या जागेला मी आता घर म्हणते. ती जागा कुणी देत नाही. ती उभं राहून धरावी लागते.

शनिवारी मी उभी राहिले. पुढच्या रिकाम्या खुर्चीवर फोन ठेवला, पलीकडे दिघी. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि थांबले. ओढणी डोक्यावर घेतली. क्लाइव्हची बोटं तारांवर गेली होती. मी त्याच्याकडे पाहिलं, पाहतच राहिले. पुढच्या ओळीतल्या एका आजींनी कुजबुजत मला शब्द पुरवले. मी मानेनंच नको म्हटलं. क्लाइव्हनं पंजा पसरला आणि तारांवर सपाट ठेवला. मग हॉलमध्ये नाना गोष्टी ऐकू येऊ लागल्या. खिडक्यांवर वाऱ्याची थाप, चहाच्या भांड्याची उकळी, कुणाच्या तरी छातीतली घरघर. कुणी चुळबुळलं, कुणी खाली पाहिलं, मग तेही निवलं. एका बांगेला लागतो तेवढा वेळ मी त्यांना थांबवून धरलं, आणि मग अखेरचं धृपद उचललं. ते सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हटलं. क्लाइव्हनं सर्वांत मोठ्यानं.

टाळ्या ओसरल्यावर मी फोन उचलला. पडद्यावर नव्या पत्र्याचा तुकडा आणि अब्बांची हनुवटी दिसत होती.

"अब्बा, किती ऐकू आलं?"

फोन तोंडाशी नेऊन ते म्हणाले,

"पुरतं."