कृष्णातची बसायची नोकरी

हातकणंगल्याजवळच्या गावातला कृष्णात शिरोलीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीन चालवायचा. एका पाळीत मशीन बिघडलं आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. घरात तो आणि म्हातारी आई, झुंबरबाई. शेजारच्या घरात थोरला भाऊ.

चारेक वर्षांनी कोल्हापूरची इरावती त्याला भेटायला आली. ती विद्यापीठात संशोधन करत होती. दिव्यांग माणसांना काम निवडायला मदत करायची आणि कामाला लागल्यावर त्यांचं पुढं काय होतं ते पाहायचं, असा तिचा विषय.

"तुम्हाला काय करायला आवडेल?" तिनं विचारलं.

"आवडंल?" कृष्णात हसला. "काय जमंल, एवढंच इचारत्यात सगळी. आवडंल काय, ते कुणी इचारलंच न्हाय, मॅडम."

मग तो म्हणाला, "नव्या पोरांना मशीन शिकवीन. हात कुठं न्यायचा न्हाय, एवढं तरी सांगीन."

इरावतीनं कारखान्यांचे उंबरे झिजवले. शेवटी एक कारखाना तयार झाला. प्रशिक्षण विभागात मदतनीस. झुंबरबाईनं गल्लीत पेढे वाटले. "माझा कृष्णात मास्तर झालाय की!"

पहिल्या दिवशी त्याला ऑफिसच्या दाराजवळ खुर्ची दिली. "ट्रेनिंग सुरू झालं की बोलावतो," साहेब म्हणाले. बोलावणं काही आलं नाही. पाहुणे आले की साहेब ओळख करून द्यायचे, "हे आमचे कृष्णात." पाहुणे त्याचा डावा हात हातात घेऊन कौतुक करायचे आणि आत जायचे. एकदा त्यानं टेबलावरचे चहाचे कप उचलले, तर दोघं धावत आले आणि त्याच्या हातातून कप काढून घेतले.

"साहेब, मला मशीनकडं जाऊ द्या की."

"तिकडं नको हो. परत काही झालं तर? बसा निवांत. पगार वेळेवर मिळतोय ना?"

मिळत होता. त्यामुळं तक्रार तरी कशाची करायची, तेच त्याला कळेना.

संध्याकाळी झुंबरबाई विचारायची, "आज काय शिकवलंस रं?" आणि कृष्णात रचून सांगायचा. एक पोरगं हुशार हाय, एक लय धांदरट, सारखा हात पुढं करतोय. म्हातारीला त्या धांदरट पोराची काळजी लागून राहिली. जेवताना रोज त्याचीच चौकशी. इरावतीचा फोन यायचा, तेव्हाही आई शेजारीच बसलेली असायची. "समदं ब्येस हाय, मॅडम," एवढंच तो बोलायचा.

दिवाळीनंतर झुंबरबाईनं अंथरूण धरलं. शेवटी शेवटी तिला धड बोलता येत नव्हतं, तरी ती म्हणाली, "त्या पोराला जप रं. हात जाऊ देऊ नगंस त्येचा."

"व्हय आये," कृष्णात म्हणाला.

आईचं दिवसकार्य झालं. त्यानंतर तो कारखान्यात गेलाच नाही. इरावती घरी आली, तेव्हा पडवीत बसून त्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. आईला रचून सांगितलेल्या त्या पोराचंसुद्धा सांगितलं. आणि मग गुडघ्यात डोकं घालून रडला. आई गेल्यावर चारचौघांत तो रडला नव्हता.

"मला आधी का नाही सांगितलंत?" इरावतीनं विचारलं.

"तुमी एवढी धडपड केली. आये एवढी खुशीत. कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं ते सगळं त्याच्याच शब्दांत प्रबंधात लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली. दुसरीकडं प्रयत्न करू का, असं तिनं विचारलं.

"काम असंल तर सांगा," तो म्हणाला. "नुसती नोकरी नको."

इरावती अजून शोधते आहे. कृष्णात भावाच्या म्हशींचं वैरणपाणी बघतो. एका हातानं धार काढून पाहिली, पण म्हैस बिथरते. त्यामुळं धार भावजय काढते आणि तो म्हशीच्या तोंडाशी दावं धरून उभा राहतो.