कंपनीचाच रंग

बॉनेटवरचा रंग कंपनीचा नव्हता. हे मला माहीत होतं. तरी विचारणाऱ्याला मी सांगितलं, "हो, कंपनीचाच आहे." तीन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो? मला ते परत घ्यायला सहा वर्षं लागली.

आबा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. मरून रंगाची, छोटी, पण आमच्या घरातली पहिली. जुन्या धोतराचा फडका करून ते रोज सकाळी ती पुसायचे. पुसण्याआधी हातातली अंगठी काढून खिशात टाकायचे, ओरखडा नको म्हणून. गाडीला मी हात लावायचा तो फक्त ढकलायला, असा घरातला अलिखित नियम होता. मी तेव्हा पस्तिशीचा होतो, बायको-मुलीचा माणूस, कागलच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो आणि स्कूटरवरून जायचो.

एका उन्हाळ्यात आबा आठवडाभर नृसिंहवाडीला सप्ताहाला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "रोज पाच मिनिटं चालू करून ठेव. बॅटरी उतरायला नको." मी पहिले दोन दिवस चालू करून ठेवली. तिसऱ्या दिवशी कागलला घेऊन गेलो. कारण सांगायला लाज वाटते. कारखान्याच्या गेटात साहेबांच्या गाड्या एका रांगेत लागायच्या, आणि एकदा तरी त्या रांगेत आपली गाडी लावावी असं मला वाटायचं. बस, एवढंच.

हायवेच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. परतीच्या वाटेवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि बॉनेटवर ताडताड आपटली. घरी येऊन बघतो तर सात-आठ ठिकाणी टवके उडालेले. एक तर नखाएवढा, खालचा पत्रा दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी गाडी उद्यमनगरातल्या एका पेंटरकडे नेली. त्यानं टवक्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून घासून पत्रा गुळगुळीत केला, राखाडी अस्तर मारलं आणि संपूर्ण बॉनेटवर रंगाचा हात फिरवला. रंग असा जुळवला की मलाही फरक कळेना. गाडी ताब्यात देताना म्हणाला, "पावणं, दोन-तीन म्हैनं ह्याच्यावर काय बी लावू नका. वरनं वाळलाय, आतनं अजून वला हाय. पॉलिश न्हाय, स्टिकर न्हाय. देवाचा बी न्हाय."

"नाही लावत," मी म्हणालो. मला तर सुटल्यासारखं झालं होतं.

आबा वाडीहून आले, गाडी पुसली, त्यांना काही कळलं नाही. तीन आठवडे गेले. मग एक दिवस ते बाहेरून खुशीत आले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं राजारामपुरीत रेडियमचं दुकान होतं. गाड्यांचे नंबर, ट्रॉल्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या असली कामं तो करायचा. त्यानं मुंबईहून नवीन वस्तू आणली होती, काचेसारखी पारदर्शक फिल्म. गाडीवर चिकटवली की रंगाला खडी लागत नाही, ओरखडा उठत नाही.

"उद्या बॉनेटला लावून घेऊ," आबा म्हणाले.

"पावसाळा झाल्यावर लावूया की आबा."

"का? तू काय मुहूर्त काढलायस?"

आबांसमोर मला कधीच बोलता आलं नाही, हे कारण म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्या विद्यार्थ्यानं आबांच्या पाया पडून खुर्ची पुसून दिली. मला तो 'धाकटं सर' म्हणायचा, थट्टेनं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. भिंतीवर त्यानं रंगवलेल्या पाट्या टांगलेल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "सर, तुमच्या छडीनं वळलंय बघा अक्षर."

"छडीनं नाही गाढवा, गिरवण्यानं," आबा म्हणाले, पण खुलले. त्याच्या 'क'ची शेपटी आबांच्या 'क'सारखीच खाली येऊन किंचित वर वळायची. फळ्यावर मी ते अक्षर हजारदा पाहिलं होतं.

त्यानं बॉनेट धुऊन कोरडं केलं. शांपू घातलेलं पाणी पंपात भरलं, फिल्म कापली. आणि मग, हातात फिल्म तशीच धरून, त्यानं विचारलं, "धाकटं सर, रंग कंपनीचाच हाय न्हवं? वरनं मारलेला असंल तर सांगा. मग चिकटवायला नको."

आबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. माझ्याआधी त्यांनीच उत्तर दिलं, "अरे, नवी गाडी आहे ही." पण तो माझ्याकडेच बघत राहिला. कदाचित माझ्या तोंडावर काही दिसलं असेल.

"हो, कंपनीचाच आहे," मी म्हणालो.

त्यानं पाणी फवारलं, फिल्म अंथरली आणि रबराच्या पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत गेला. एकही बुडबुडा राहिला नाही. आबा वाकून वाकून बघत होते. एवढं निगुतीनं केलेलं काम मी क्वचितच पाहिलं असेल, आणि त्यातला प्रत्येक हात वाया जाणार हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

दसऱ्याला आबांनी गाडीची पूजा केली. कुंकवाचं पाणी फिल्मच्या कडेनं आत गेलं आणि लाल डाग पडला. हा तुकडा काढून नवा लावू, म्हणून आबा मला घेऊन पुन्हा दुकानात गेले. त्यानं केस वाळवायच्या मशीननं फिल्म गरम केली, कोपरा उचलला आणि हळूहळू ओढायला लागला. तापल्या दुधावरची साय यावी तसा फिल्मबरोबर रंग आला. हातभर लांब. खाली राखाडी थर उघडा पडला.

तो थांबला. त्या राखाडीवर त्यानं अंगठा घासला. ते अस्तर होतं, त्याखाली लांबी होती, हे त्या धंद्यातल्या माणसाला कळायला किती वेळ लागणार? त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षेकडे बघत राहिलो.

"काय झालं रे?" आबा उठले.

मी वाट बघत होतो की आता तो बोलेल. खरं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं सोललेली फिल्म गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "माझीच चूक हाय सर. गोंद लई जालीम निघाला. मी रंगवून देतो."

"आता हात लावू नकोस गाडीला," आबा म्हणाले. "एवढी वर्षं गिरवून घेतलं ते ह्यासाठी?"

तो खाली मान घालून उभा राहिला, वर्गात उभा राहत असेल तसा. मी गाडी सुरू केली.

बॉनेट मीच उद्यमनगरातून पुन्हा रंगवून आणलं, पण आबा गप्प बसणारे नव्हते. शाळांच्या पाट्या, मास्तरांच्या स्कूटरी, ओळखीतल्यांच्या गाड्या, सगळी कामं त्यांच्याच शब्दावर त्या दुकानात जायची. तो शब्द त्यांनी मागं घेतला. "माझाच विद्यार्थी, पण गाडीचा रंग खाल्ला त्यानं," असं ते भेटेल त्याला सांगायचे. मी शेजारी असायचो. दरवेळी वाटायचं, आज सांगू. दरवेळी कुणी तरी चहा आणायचं, किंवा विषय बदलायचा, किंवा मीच बदलायचो. वर्ष-दीड वर्षात दुकान बंद झालं.

मग तो मला कागलला दिसला. हायवेच्या कडेला पत्र्याच्या टपरीत नंबर प्लेटा रंगवत बसलेला. मी रोज तिथून जायचो आणि रोज मान दुसरीकडे वळवायचो. पण उसाचा हंगाम आला की सुटका नसायची. पुढच्या ट्रॉलीच्या फळीवर मालकाचं नाव, गावाचं नाव असायचं, आणि त्या 'क'ची शेपटी खाली येऊन वर वळलेली असायची. ट्रॉली ओलांडता येत नाही अशा रस्त्यावर ते अक्षर अर्धा-अर्धा तास माझ्यासमोर हलत राहायचं.

सहा वर्षांनी आबांनी गाडी विकायला काढली. तोवर त्यांचे कान गेले होते, कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. गिऱ्हाईकाबरोबर आलेल्या मेकॅनिकनं बॉनेटवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "हिथं लांबी भरल्या. ठोकलेली गाडी हाय." आबा संतापले. "ठोकलेली नाही! त्या रेडियमवाल्यानं वाटोळं केलं."

त्या दुपारी मी टपरीसमोर स्कूटर लावली. तो ब्रश पुसत उठला. "या धाकटं सर. लई दिसांनी मान हिकडं वळली."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याला ते सगळं माहीत होतंच.

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"काय बोलू? सरांचं तोंड बघितलं. त्यास्नी इद्यार्थी ढिगानं हायत, एक बिघडला तर बिघडला. पोरगा एकच हाय."

"माझ्याबरोबर घरी चला."

"आता कशाला? ऱ्हाऊ दे की."

मी ऐकलं नाही. त्याला स्कूटरवर मागे बसवून राजारामपुरीतल्या आमच्या घरी आणलं. आबा दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्याला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "आबा, बॉनेटचा रंग कंपनीचा नव्हता."

"काय?"

हळू आवाजात कबूल करायची सोय राहिली नव्हती. मी ओरडलो, "रंग कंपनीचा नव्हता! तुम्ही वाडीला होता तेव्हा मी गाडी कागलला नेली! खडी लागली! मी रंगवून घेतली! ह्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो!"

समोरच्या क्लासची मुलं गॅलरीत आली. शेजारच्या काकू दारात आल्या. "धाकटं सर, हळू," तो माझा हात ओढत म्हणाला, "समदी गल्ली ऐकाय लागल्या."

आबांनी बॉनेटकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग मला म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याच्याकडे तोंड करून म्हण."

मी वळलो. त्यानं मान खाली घातली होती. मी हात जोडले. इतकी वर्षं मनात घोळवलेल्या वाक्यांतलं त्या क्षणी एकही आठवलं नाही.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तुमची नव्हती. मला माफ करा."

"मोठ्यानं," आबा म्हणाले.

"चूक माझी होती. मला माफ करा."