भिंतीवरची टकटक आणि पाचचा चहा

सगळ्यात आधी आला तो उमरीचा शिवा... आणि आला तो चपला घालूनच थेट स्वयंपाकघरात. "आज्जी, पाणी द्या की. एस्टीत उभ्यानं आलो, पार वाट लागली!" मी तिथंच ओळखलं, हे पोरगं घरचंच होणार.

मागून नायगावची रेश्मा आली. ती बिचारी दारातच चपला काढून, पाय धुऊन आत. मग नांदेडचे दोघं, एक बडबड्या आणि एक अगदी मुका. मुक्यानं वाकून नमस्कार केला आणि चिवड्याचा डबा पुढं केला... चांगल्या घरचा.

आता ही मंडळी कोण ते सांगायचं राहूनच गेलं. मी चौथी शिकलेली बाई, मोबाईलमध्ये बोलते आणि तोच लिहितो, त्यामुळं मागचं पुढं होतं. सांभाळून घ्या.

माझी नात मनीषा पुण्यात कंपनीत आहे, कम्प्युटरवाल्यांना शिकवते. आमच्या लातूरच्या एका क्लासची ऑनलाइन परीक्षा सारखी बंद पडायची. हजारो पोरं एकदमच लॉगिन करणार आणि सर्व्हर आडवा... मग त्यांनी मनीषाला बोलावलं, आमची नेटवर्कची चार माणसं तयार करून द्या म्हणून.

दिवाळीची सुट्टी होती. लातुरात आमच्या गल्लीत क्लासची पोरं राहतात, ती सुट्टीत गावाकडं गेली की रस्ता नुसता भकास. सायकली नाहीत, डबे नाहीत, गच्चीवर मोठ्यानं पाठांतर नाही... माझ्या भाड्याच्या खोल्यांना कुलपं. मी मनीषाला म्हणलं, हॉटेल कशाला गं, इथंच राहा आणि इथंच शिकवा.

तर आमच्या हॉलमध्ये शाळा भरली. लॅपटॉप, वायरी, एक पांढरा फळा. मी शेंगा फोडत कोपऱ्यात बसायची. सगळं कळलं असं नाही, पण मनीषा समजावून छान सांगते. एकाच मशीनवर सगळा भार टाकायचा नाही. चार मशीन ठेवायच्या आणि त्यांच्यापुढं एक वाटणारा उभा करायचा. तो येणाऱ्याला सांगतो, तू इकडं जा, तू तिकडं.

आणि हा वाटणारा दर थोड्या वेळानं प्रत्येक मशीनला विचारतो, आहेस ना? जिचं उत्तर येत नाही तिला काम देत नाही, तिचं काम दुसरीला. मनीषानं मुद्दाम एक मशीन बंद करून दाखवली. परीक्षा चालूच राहिली! बडबड्या तर टाळ्या वाजवून राहिला होता.

आता खरी गंमत... पहिल्याच सकाळी पाचला मी गॅसपाशी गेले तर दारात शिवा आणि नांदेडचे दोघं उभे. तोंडं धुतलेली, केस विंचरलेले. मागं रेश्मा जांभई देत.

"आज्जी, झाला का चहा?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी आधण वाढवत गेले. पाच कप एकदम भरायचे दिवस कुठं येतात आता? शेवटी मनीषाच चिडली. "आजी, रोज भिंत वाजवून यांना का उठवतेस? दुपारी सगळे डुलक्या घेतात माझ्यापुढं!"

तेव्हा उजेड पडला. मी त्यांना उठवतच नव्हते.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. माझे मालक त्या पहाटे गेले. शेजारच्या शेवंताचंही घर बसलं. तेव्हापासून रोज डोळा उघडला की ती मधल्या पत्र्यावर दोनदा वाजवायची आणि मी दोनदा. म्हणजे, आहे गं मी. पुढं लातूरला घर बांधलं तेव्हा शेजारची खोली तिलाच दिली. पत्र्याच्या जागी विटा आल्या, बाकी तसंच चाललं.

मागच्या वर्षी शेवंता गेली. हात मात्र ऐकत नाही... अजून वाजवते. क्लासची पोरं कानात वायरी घालून झोपतात, त्यांना पत्ताच नसतो. या तिघांना ती खोली दिली होती, त्यांना वाटलं चहाची घंटा.

हे सगळं हॉलमध्ये बसून सगळ्यांना सांगितलं. मग शिवाच म्हणाला, "म्हंजे आज्जी, तुम्ही विचारून राहिल्या आणि आम्ही उत्तरच दिलं न्हाई की. नुसते चहाला आलो!"

"आलात ना रे," मी म्हणलं, "अजून काय पाहिजे."

निघायच्या दिवशी पहाटे मी वाजवलं. आणि पलीकडून, सावकाश, दोनदा वाजलं... वाजवणारा तो नांदेडचा मुका होता, नंतर कळलं. मी भिंतीला हात लावून बसून राहिले. त्या दिवशी चहाला उशीर झाला.

ते गेले. मनीषाही गेली. दुसऱ्या दिवशी वाजवलं, भिंत गप्प. म्हणलं, आता हेच.

तर मोबाईल वाजला. शिवा! "आज्जी, हाय ना?" "हाय की रे बाबा!" दुसऱ्या दिवशी रेश्मा, मग नांदेडवाले. पाळी लावलीय चौघांनी. परवा शिवाची पाळी होती आणि फोन आला रेश्माचा. "तो झोपलाय आज्जी, फोन उचलेना. म्हणून मी केला. हेच तर शिकवलं मॅडमनं." मी एकटीच किती वेळ हसत बसले.

फोन ठेवला की घर परत तेवढंच मोठं होतं, ते काही खोटं नाही. पण पहाटेचा कप आता कडवट लागत नाही. पोरांनो, देव तुमचं भलं करो.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, चौघं येतो म्हणालेत, शेतात आंबिल आणि भज्जी खायला. मनीषाही रजा काढणार आहे. यंदा येळवस शुक्रवारी आलीय, म्हणजे शनिवार-रविवारही मुक्काम.