कांगारू रूममध्ये एकेकीचा शब्द

सकाळचे दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी सारखी पाहत होते, म्हणून नक्की आठवते. तेव्हाच सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, आजपासून प्रत्येकीनं एकच शब्द धरायचा. तिथून जे किस्से सुरू झाले ते इतके साचले, की भांडे घासताना एक आठवला की मागून दुसरा येतोच. सांगून टाकते.

आमची खोली म्हणजे यवतमाळच्या दवाखान्यातली कांगारू रूम. दिवस भरायच्या आधी झालेल्या बारीक लेकरांच्या आयांची. लेकराला टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, वरून कपड्यानं बांधतात, आणि आईनं तासन्‌तास रेलून बसायचं. उबेनं लेकरू वाढते. माझी पोरगी एक किलो तीनशे ग्रॅमची. पंधराशेच्या वर गेली आणि टिकली, तर घर. "टिकली तर" हे सिस्टर हळू बोलल्या, पण मी ऐकलं.

त्यांचं म्हणणं असं, की तुमची छाती धडधडली की लेकरू झोपत नाही. डोळे मिटा, श्वास जाईल-येईल तसा मनात एक शब्द म्हणा. देवाचा घ्या, नाहीतर कोणताही घ्या.

०

सगळ्यात शांत बसायची नसरीन. यवतमाळचीच, नवऱ्याचं गॅरेज. मला तिचा हेवा वाटायचा. एक दिवस विचारलंच, तुझा शब्द कोणता म्हणून.

ती लाजली. म्हणाली, दुआच घेणार होते, पण डोळे मिटले की मनात एकच शब्द येतो, स्टेपनी! नवरा येता-जाता सांगतो, गाडीत स्टेपनी असली की रस्त्याची भीती नाही. तोच शब्द बसला.

आम्ही इतक्या हसलो की छातीवरची लेकरं हलली आणि सिस्टर रागावल्या. हसू थांबल्यावर नसरीननं पोराच्या टोपीवर हात ठेवला.

"पर इसकी तो नहीं है ना, दीदी."



०

राजूरच्या कविताचे टाके दुखायला लागले, म्हणून तिच्या जागी तिची सासू बसली. आजीच्या छातीवरही चालते. ही बाई आल्या दिवसापासून सुनेला ऐकवत होती, की एवढं तूप चारलं अन् मांजरीएवढं लेकरू दिलं. सिस्टरनं तिलाही शब्द घ्यायला सांगितला.

"माह्यापाशी शांत शब्द कोठचा, बाई? होते नव्हते ते सारे सुनेवर वापरून झाले."

नातू बांधला. म्हातारी गप्प झाली. एक तास, दीड तास. कोणता शब्द घेतला ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. उठली, लुगडं सारखं केलं आणि दाराशी उभ्या लेकाला म्हणाली, "पहिले कविताले चहा आणून दे."

दुसऱ्या दिवशी परत भांडली, ते वेगळं.

०

माझा शब्द 'जड'. श्वास आत, जड. श्वास बाहेर, जड. सिस्टरला सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "लोक ध्यान करून हलके होतात, तू जड होऊन राह्यली!"

पण एका सकाळी काट्यावर पोरीचे पंधरा ग्रॅम कमी भरले. आदल्या दुपारी मला डुलकी लागली होती, तेवढा वेळ शब्द सुटला होता. मी रडत तेच सिस्टरला सांगितलं. त्यांनी माझ्या हातात दुधाची वाटी दिली.

"शब्दानं वजन वाढलं असतं तं आम्ही दूध कायले पाजलं असतं?"

पटलं. तरी त्या दिवसापासून मी दुपारी डोळा लागू दिला नाही.

०

आता कमलीचा. पांढरकवड्याकडच्या तांड्यावरची, माझ्या शेजारच्या खुर्चीतली. तिच्या पोरीला इन्फेक्शन झालं, परत आत मशीनवर नेलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी गेली. घरची माणसं गाडी पाहायला गेली होती, तेवढ्यात कमली दवाखान्याचा गाऊन परत द्यायला आली, घडी करून. त्याच सकाळी माझी पोरगी पंधराशे चाळीस भरली होती आणि आम्हाला उद्याची सुट्टी सांगितली होती. मी पोरीवर पदर ओढला. कमलीनं ते पाहिलं.

ती आपल्या खुर्चीत बसली, सवयीनं मागे रेलून. म्हणाली, तिचा शब्द म्हणजे पोरीसाठी ठरवलेलं नाव होतं. घरी नेऊन बारसं होईपर्यंत नाव घ्यायचं नाही, नजर लागते, असं आम्हा सगळ्यांनाच घरून बजावलेलं होतं. कागदावरही नुसतं 'कमलीचं बाळ' होतं.

"तोंडातून नाही काढलं म्या. मनातच घेत होती. मनात घेतलं तं लागते का वं?"

मी म्हटलं, नाही. दोनदा म्हटलं.

मग ती माझ्या कानाशी वाकली आणि ते नाव सांगितलं. इथं मी ते लिहीत नाही, कारण पुढं ती म्हणाली,

"तुया पोरीले ठेवू नोको, तुले भेव लागन. पण नाव चांगलं हाय. कोणाले पोरगी झाली तं सांगजो. कोठून आलं ते सांगजो नोको."