मामा आल्याशिवाय अक्षता नाही

आमचा ज्योतिबा जेवढा दिलदार, तेवढाच वेंधळा. जत तालुक्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहे. मेंढ्यांना लस टोचता टोचता कन्नड शिकला. पेन्शनच्या संपात भर मोर्चातून एका अडलेल्या मेंढीकडे पळाला. वर मला म्हणतो, "संप माझा हाय आक्का, मेंढीचा न्हाई." अशा भावावर रागावून तरी किती रागावणार?

खरा राग माझा माझ्यावरच होता.

२००५च्या दिवाळीत त्याच्या नेमणुकीचा कागद आला. बरोबर निवड झालेला मल्हार सोमवारी, एकतीस ऑक्टोबरला, जतला हजर झाला. ज्योतिबाही निघाला होता. तेवढ्यात मी आष्ट्याहून फोन केला. डिप्लोमापायी त्याच्या दोन भाऊबिजा चुकल्या होत्या. "यंदा आला न्हाईस तर पुन्हा तोंड दावू नगंस," म्हटलं. आला बिचारा. चार लाडू जास्त खाल्ले आणि पुढच्या सोमवारी रुजू झाला.

तोवर सरकारनं रेघ ओढली होती. एक नोव्हेंबरपासून लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. मल्हारला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मे, दरमहा, मरेपर्यंत. ज्योतिबाच्या पगारातून पैसे कापून बाजारात गुंतवायचे, म्हातारपणी निघतील तेवढे त्याचे. पेन्शनी वाढल्या की तिजोरीवर ताण येतो, हे मलाही कळतं हो. पण ती रेघ माझ्याच भावाच्या पायाखालून जायची होती? तोही माझ्या हट्टापायी? ज्योतिबा दर भाऊबीजेला ताटात ओवाळणी टाकताना हसायचा, "आक्का, लाडू लय म्हाग पडलं गं!" मी हसायचे आणि आत जाऊन डोळे पुसायचे.

२०२४ साली सरकारनंच दार किलकिलं केलं. ज्या पदाची जाहिरात त्या एक नोव्हेंबरच्या आधी निघाली होती, त्यावर लागलेल्यांनी मुदतीत अर्ज करायचा, की जुनी पेन्शन. मी फोनवर विचारायचे, "दिलास का अर्ज?" तो म्हणायचा, "झालंच समज."

त्याच उन्हाळ्यात माझ्या सृष्टीचं लग्न निघालं. मुहूर्त साडेबाराचा. दहा वाजता मांडवात मल्हार सहज बोलून गेला, "अर्जाची आज शेवटची तारीख हाय, आन् ह्याचा कागद अजून पिशवीतच."

माझं डोकंच फिरलं. "आत्ताच्या आत्ता सांगलीला जा!"

"आगं, भाचीला बोहल्यावर कोण आणणार? उद्या सायबाच्या हातापाया पडतो."

"तूच आणणार. पण आधी अर्ज. ऊठ!"

डोक्यावरच्या फेट्यासकट त्याला मल्हारच्या गाडीवर बसवलं.

साडेबारा वाजले. पाऊण वाजला. भटजी घड्याळ बघू लागले, वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "चुलतमामा उभा करा की!"

"मामा आल्याबिगर अक्षता पडायची न्हाई," मी सांगून टाकलं. आमचे हे घामाघूम झाले.

शेवटी नवऱ्या मुलाचे वडील, लालासाहेब, मिशीवर हात फिरवत उठले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी पदर सावरून पुढं झाले.

"मामा गेल्यात कुठं?"

"पेन्शनचा अर्ज द्यायला. आज शेवटचा दिस हाय."

"पेन्शन?" ते गर्रकन वऱ्हाडाकडे वळले. "मग हे आधी सांगायचं की! बसा रं समदी खाली. मामा येईस्तवर कोन हलायचं न्हाई!"

सव्वाला गाडी आली. फेटा सुटून गळ्यात, तोंडभर धूळ. ज्योतिबानं खिशातून अर्जाची पोच काढली. मी आधी शिक्क्यावरची तारीख वाचली. आजचीच होती. मंजुरी पुढं दिवाळीत आली, पण माझ्या उरावरचं ओझं त्या शिक्क्यानंच उतरलं.

ज्योतिबानं तोंड धुतलं आणि भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं. पहिल्या अक्षतेपासून शेवटच्या अक्षतेपर्यंत मी रडत होते. लोकांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून.