लिंबात शिजवलेला खेकडा

दवाखान्यातून पायी परत येताना अर्धा रस्ता संपला, तरी भावोजींचं पाट्या वाचणं संपेना. हे माझे धाकटे दीर दुकानांच्या पाट्या रंगवतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे पावलोपावली थांबणं. त्यात खोकला. दम खाल्ला की म्हणायचे, “वहिनी, त्या ‘र’चा बाक बघा.”

खोकला वर्षभराचा. आधीच्या डॉक्टरांनी क्षय ठरवून गोळ्या दिल्या, गुण शून्य. जाऊबाईंनी भावोजींचं ताट, तांब्या, अंथरूण सगळं गॅलरीत मांडलं आणि नातीला दाराशी अडवलं. पोर तिथूनच ओरडून आजोबांना शाळेतल्या गोष्टी सांगायची. सगळ्या बिल्डिंगला त्या पाठ झाल्या.

शेवटी आज मीच त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, “थुंकीचा रंग कसा आहे?”

“रेड ऑक्साइड. लोखंडी गेटला पहिला हात मारतो ना, तो. किंचित चॉकलेटीकडे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “खेकडे खाता?”

“खातो की. ओढ्यातले.”

“कच्चे?”

“छे हो. लिंबू पिळून ठेवतो. पांढरे पडले की शिजले.”

“विस्तवावर नाही ठेवत?”

“शिजल्यावर विस्तव कशाला?”

मी पदर तोंडाला लावला. बाईंनी थुंकी तपासायला दिली. दुपारी कळलं, भिंगाखाली जंताची अंडी दिसली. कच्च्या खेकड्यातून पोटात गेलेला जंत फुफ्फुसात बिऱ्हाड करून बसला होता. क्षय नव्हताच. थोड्या दिवसांच्या गोळ्या, आणि माणसाकडून माणसाला हा लागत नाही, असं बाईंनी सांगितलं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

“केवढा असतो हा जंत?” भावोजींनी बाईंना विचारलं.

“कॉफीच्या बीएवढा.”

“एवढ्याशासाठी मी वर्षभर गॅलरीत?” त्यांना अपमानच वाटला.

घर जवळ आलं तसे त्यांचे पाय जड झाले. जाऊबाईंना खेकड्याचं नाव चालत नाही. भावोजी ओढ्याकाठी चोरून खायचे.

“वहिनी, तुमच्या शब्दावर तिचा विश्वास आहे. आधी एवढंच सांगा, की हे लागत नाही. पोरीला माझ्याजवळ येऊ दे.”

“आणि कशानं झालं विचारलं तर? मी खोटं बोलणार नाही हं.”

“खोटं कोण बोला म्हणतंय? नात माझ्या मांडीवर बसेपर्यंत थांबा, मग सांगा खेकड्याचं. पोर मांडीवर असली की ती आवाज चढवत नाही.”